वीराला मिशा फुटल्यावर

माझी आत्या बरीच वर्षं मुलगा होती. घरात नाही, गेममध्ये. लढाईच्या त्या गेममधला चिमुरडा वीर तलवार उपसून "तुटून पडा" म्हणतो ना, तो आवाज आत्याचा. लहान मुलाचा आवाज बाईनेच काढायचा, हा या धंद्यातला जुना रिवाज. मुलाचा आवाज फुटला की मुलगा बाद, बाईला ती भीती नाही. आमच्या गल्लीतली कार्टी तोच आवाज काढून एकमेकांना बदडायची आणि वर म्हणायची, "बायकांना गेम कळत नाहीत." आत्या गच्चीवर कपडे वाळत घालताना हे ऐकायची आणि गालात हसायची.

रेकॉर्डिंगच्या खोलीत मात्र हसणं नाही. बांगड्या काढून ठेवायच्या, कारण माइकला किणकिण ऐकू जाते. रिकाम्या पोटी यायचं नाही, कारण पोटातली गुरगुरही ऐकू जाते. काचेपलीकडे बसून आवाज कापायचं-जोडायचं काम माझं; नात्याचा फायदा एवढाच की शिव्या घरच्या मिळायच्या. वीराचं काम आटोपलं की किंकाळ्या. त्या शेवटी, कारण त्यानंतर घसा कामाचा राहत नाही. पडणारी बाई, पळवलेली बाई, आगीत सापडलेली बाई, सगळ्या आत्याच. बोलणारी बाई एकही नाही.

"या राज्यात बायका जन्मभर मुक्या," आत्या म्हणायची, "मरताना तेवढा ठणाणा."

मग वीराला मिशा फुटल्या. नव्या भागात तो मोठा झाला आणि त्याच्यासाठी एक तरुण आला, घशात पिंप असल्यासारखा. दिग्दर्शकाने आत्याला खुर्ची दिली, तिथेच ती काय ते समजली. या ऑफिसात खुर्ची देतात ती उठवायचं असतं तेव्हाच.

"ताई, तुम्हाला वीराच्या आईचं काम."

"बोलते का ती?"

"हो तर. 'बाळा, जपून जा.' मग वीर अंगणाबाहेर पडतो, शत्रू येतात, आणि ती..."

"मरते."

"वीराला राग यायला नको का, ताई?"

"बापाला मारा की."

"बाप मेला तर त्याला राज्य मिळेल. राग कशाला येईल?"

वाईट म्हणजे मुद्दा बिनतोड होता.

घराशी आल्यावर आत्या म्हणाली, "एवढ्या फौजा हाकल्या, आणि शेवट किंकाळी मारून करायचा? एकदा बाईच्या तोंडून धड बोलू दे मला. मग खुशाल घरी बसते."

"चित्रं तयार आहेत, आत्या. आई मरणारच."

"मरू दे. मुकी मरायला नको."

एक फट होती. खेळणारा अंगणातच रेंगाळला, तर त्याला बाहेर हाकलायला आईची चार फुटकळ वाक्यं लागतात. ती कोणी लिहीत नाही आणि ऐकत तर नाहीच. अंगणात थांबतं कोण? "तुम्हीच काहीतरी बोला," असं सांगून दिग्दर्शक चहाला गेला.

आत्याने बांगड्या काढल्या.

"उभा काय राहिलास ठोंब्यासारखा? तलवार आहे ती, झाडू नाही. डावी बाजू झाक. तुझ्या बापाने हीच चूक केली, म्हणून ती लढाई मला जिंकून द्यावी लागली. घोडेस्वार वेशीवर दिसू देत, पायदळ ओढ्याआड दडव. आणि शत्रू चिखलात उतरेपर्यंत तोंड बंद ठेव, तुझ्या घराण्यात ते कोणाला जमलेलं नाही."

चांगला चहा होईल इतका वेळ ती बोलली. शेवटी तेच जुनं "तुटून पडा", पण मोठ्या बाईच्या आवाजात. मग किंकाळीही नेमाने मारली. घेतल्या पैशाला ती जागते. मी एक शब्द कापला नाही. दिग्दर्शकाने विचारलं, "झालं?" म्हटलं, "झालं."

गेम बाजारात आला आणि थोड्याच दिवसांत दिग्दर्शकाचा फोन आला. पोरं अंगणातून हलतच नव्हती. पुढचे किल्ले ओस, आगीचे डोंगर ओस, पिंपवाला वीर बिनकामाचा. आई आता काय बोलते ते पोरं ऐकत बसायची, आणि बाहेर पडलं की ती मरते म्हणून बाहेरच पडायची नाहीत. आमच्या गल्लीतला सगळ्यात वात्रट कार्टा धाकट्या भावावर खेकसत होता, "डावी बाजू झाक, ठोंब्या."

"ताई, काय करून ठेवलंत?" फोनमधून आवाज आला. "आईला कोणी मरूच देत नाहीये."

आत्याने दातांत धरलेला कपड्यांचा चिमटा काढला.

"सांगितलं होतं ना," ती म्हणाली, "बापाला मारा."