दावीद राजाचं उरलेलं आख्यान

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर कस्टमच्या माणसानं माझी बॅग उघडली आणि पहिला हात घातला तो थेट पोह्यांच्या डब्यात. मूठभर पोहे उजेडात धरले, हुंगले आणि विचारलं, "हे काय?" तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाचं इंग्रजी ते केवढं! "राइस. फ्लॅट. फॉर गॉड," मी म्हटलं. खोटं काहीच नव्हतं. आम्ही मलिदा (पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळं यांचा प्रसाद) करतो, आणि अमेरिकेतले पोहे पुठ्ठ्यासारखे लागतात असं हन्नाआत्यानं पत्रात बजावलं होतं. पोहे सुटले. गुळाच्या ढेपेची मात्र दहा मिनिटं उलटतपासणी झाली.

मी अमेरिका बघायला आलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं, जो तो अमेरिका बघून येऊन लेख लिहीत होता. मी आलो होतो एका वहीच्या उरलेल्या पानांसाठी. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवतात म्हणून गावानं आमच्या पूर्वजांना शनिवार तेली हे नाव दिलं. कीर्तन आम्ही शेजाऱ्यांकडून घेतलं. चाली त्याच, झांज तीच, फक्त आख्यानात आमचा दावीद राजा.

माझे वडील असे कीर्तनकार होते. त्यांनी रचलेल्या दावीदाच्या आख्यानाची वही माझ्याकडे होती, पण अर्धीच. मेंढपाळाचं पोर गोफणीनं बलाढ्य योद्ध्याला लोळवतं, वनात वणवण करतं, सिंहासनावर बसतं आणि तिथेच वही संपते. पुढची पानं वाळवीनं खाल्ली, असं आई सांगायची. आमच्या गावच्या मशिदीवर (आमच्या प्रार्थनामंदिराला गाव हेच नाव देतं) दिवाळीनंतर नवी कौलं चढणार होती. त्या दिवशी पूर्ण आख्यान करायचं, असा मी हट्टच धरला होता. बहुतेक घरं इस्रायलला गेली. आता नाही केलं तर कधी करणार, आणि ऐकणार तरी कोण? वडिलांच्या मागे उभं राहून झांज धरणारी, पालुपद झेलणारी एकच व्यक्ती हयात होती. त्यांची धाकटी बहीण, हन्नाआत्या. ती लेकीकडे, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटला.

माझी आतेबहीण रूथ मला घ्यायला आली होती. तिच्या गाडीतून निघालो तर दोन्ही बाजूंना बोडके, पिवळेधमक डोंगर. आम्हा कोकणातल्या माणसांना डोंगर म्हणजे हिरवा. "दुष्काळ पडलाय का गं?" मी विचारलं. "नाही रे दादा, इथे समर असाच असतो," ती म्हणाली, आणि फ्रीवेवर (सिग्नल नसलेला हमरस्ता) अशी काही गाडी सोडली की मी डोळेच मिटून घेतले.

शुक्रवार होता. सूर्य मावळायच्या आत पोचलो. आत्या दारातच उभी, पातळावर स्वेटर, पायांत मुलांचे खेळायचे बूट. "आलास? पोहे आणलेस?" एवढं बोलून ती शाब्बाथचे (शनिवार मावळेपर्यंत कुठलंही काम न करण्याचा आमचा विसाव्याचा दिवस) दिवे लावायला वळली. डोळ्यांत पाणी आलं होतं ते मला दिसू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या देशपांडेकाकू, मूळच्या नागपूरच्या, नवा कोरा टेपरेकॉर्डर घेऊन हजर. "सर, रेकॉर्ड करून टाका ना लगेच, कॅसेट पण आणलीय!" आत्यानं त्यांना खुर्ची दिली, खायला दिलं आणि शांतपणे सांगितलं, "आज बटण दाबायचं नाही, बाई." काकू जीभ चावून रेकॉर्डर उचलून परत घेऊन गेल्या. मी मनातल्या मनात तास मोजत बसलो.

रविवारी काकूंकडून रेकॉर्डर आणून पुढे ठेवला. "आत्या, म्हण पुढचं."

"कीर्तन म्हणतात होय रे? कीर्तन करतात. तू मास्तर ना? समोर माणसं बसव, उभा राहा. मी मागे झांज घेऊन उभी राहीन. सिंहासनापर्यंत ये, मग बघू."

आता आली का पंचाईत! मी आयुष्यात वर्गापलीकडे कुणासमोर गायलो नव्हतो. पण सात समुद्र ओलांडून आल्यावर गॅरेजला काय भ्यायचं? हो, गॅरेजच. पुढच्या रविवारी रूथनं गाड्या रस्त्यावर काढल्या, घडीच्या खुर्च्या मांडल्या. देशपांडेकाकूंनी फोन करून पंचवीसेक मराठी माणसं जमवली. डॉक्टर होते, इंजिनियर होते, जवळच्या विद्यापीठातले पुण्याचे दोन विद्यार्थीही होते. पॉटलक (प्रत्येकानं एक पदार्थ आणायचा) होतं. साबुदाणेवडे, मेक्सिकन राजम्याची उसळ आणि पोळ्या म्हणून चक्क टॉर्टिया.

मी उपरणं बांधलं आणि उभा राहिलो. पहिल्या पदाला आवाज कापला, दुसऱ्याला लागला. गोफण सुटली तेव्हा रूथच्या मुलीनं मोठ्यांदा विचारलं, "इज ही डेड?" आणि सगळं गॅरेज हसलं. मला चेव आला. राजा सिंहासनावर बसला, मी हात जोडले, टाळ्या झाल्या.

मागची झांज मात्र थांबेना.

"सिंहासनी बैसे त्यासी, सांगे कोण खरे..." आत्या गात होती. एकच ओळ, तीन वेळा. मग हात खाली आले.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे मला येत नाही. पालुपद माझं होतं. पदं तुझ्या बापाची."

मंडळी गेल्यावर ती ओट्यापाशी स्टुलावर बसली. देशपांडेकाकू भांडी विसळत होत्या. आत्या माझ्याकडे न बघता बोलू लागली.

"वाळवी नव्हती रे. तुझ्या बापानं स्वतः पानं फाडली."

दावीदाची पुढची गोष्ट मला पोथीतून ठाऊक होती. राजानं आपल्याच शिपायाची बायको घेतली आणि शिपायाला लढाईत मरायला पाठवलं. तेव्हा देवाचा एक माणूस दरबारात आला आणि त्यानं श्रीमंतानं गरिबाचं एकुलतं एक कोकरू हिसकावल्याची गोष्ट राजाला सांगितली. राजा संतापला, त्या श्रीमंताला मारायला उठला. तेव्हा देवाचा माणूस म्हणाला, तो श्रीमंत म्हणजे तूच.

"तुझ्या बापानं कोकरू काढलं," आत्या म्हणाली, "आणि विधवेची सात माडांची वाडी घातली. आमच्या मुकादमानं (समाजाचा पुढारी) मिर्यामबाईची तेवढीच वाडी दडपली होती. मुकादम पुढ्यातच बसलेला. कीर्तनातून उठून गेला. आठवड्यानं निरोप आला, हन्नाच्या मांडवात आमच्यातलं एकही माणूस येणार नाही. माझं लग्न महिन्यावर होतं. भावानं पानं चुलीत टाकली आणि मुकादमाचं पाप पोटात घातलं. ते माझ्यासाठी, कळलं? लग्न थाटात झालं. मिर्यामबाई वाढायला होती."

मला वडिलांचा राग आला, आत्याची कीव आली, आणि मग दोन्हीची लाज वाटली. काकूंनी नळ बंद केला.

"मी लिहितो," शेवटी मी म्हटलं.

तीन आठवडे उरले होते. रूथनं पूल दाखवले, बागा दाखवल्या. देशपांड्यांनी पॅसिफिकच्या काठी नेलं. तिथे पाणी असं गार की पाय घालवेना, आणि वाऱ्यानं माझं एक कडवं लिहिलेला कागद उडवून नेला. ते कडवं वाईटच होतं. एक मात्र तिथे वाळूत बसून समजलं. बाकीच्या राजांच्या पदरी भाट असतात. आमच्या लोकांनी मात्र आपल्या सगळ्यांत लाडक्या राजाचा गुन्हा लिहून ठेवला, आणि त्याचं रडणं प्रार्थनेत गायलं. ज्याला तोंडावर ऐकवता येतं तोच राजा, असं त्यांना म्हणायचं असेल.

रोज संध्याकाळी आत्याला वाचून दाखवायचो. "राजाला फार लवकर रडवलंस," ती म्हणायची. "आधी ऐकू दे त्याला." मी पुन्हा लिहायचो. एकदा मी हळूच कोकरू परत आणलं. मुकादमाचा नातू अजून गावात आहे, भला माणूस आहे, त्याला कशाला दुखवायचं? आत्यानं कागद माझ्याकडे सारला. "कोकरू घाल हवं तर. कुणी उठून जाणार नाही. कुणाला काही कळणारही नाही."

मी वाडी लिहिली. सात माड लिहिले.

निघताना तिनं झांज माझ्या बॅगेत घातली. कस्टमवाल्यांनी या वेळी काहीच उघडलं नाही.

कौलं चढली त्या दिवशी मशिदीत मोजकीच माणसं होती. मुकादमाचा नातू पुढच्या बाकावर. मी आधी वडिलांनी पानं का फाडली ते सांगितलं, आणि मग आख्यान लावलं. सिंहासन आलं, दरबार आला, वाडी आली. पालुपद झेलायला मागे कुणी नव्हतं. मी एकटाच म्हणत राहिलो. नातू खाली मान घालून बसला होता. आख्यान संपताच तो उठला आणि बाहेर गेला.

संध्याकाळच्या प्रार्थनेला आमच्यात दहा पुरुष लागतात. एकही कमी चालत नाही. आम्ही नऊ उरलो होतो. कुणी माझ्याकडे बघेना. मी झांज गुंडाळली आणि ओसरीवर गेलो. तो पायरीवर चपला घालून उभा होता.

"मास्तर, मिर्यामबाईचं कुणी आहे?"

"नात आहे. पनवेलला. आत्या तिला अजून पत्रं पाठवते."

त्यानं माडांकडे पाहिलं. "पत्ता लिहून द्या मला," म्हणाला. मग त्यानं चपला काढल्या आणि माझ्याआधी आत गेला. आम्ही दहा झालो.