लांडग्याच्या बरगड्या

कुमेओसानचा सगळा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला होता. मासेवाल्याच्या पाटीवर मासा, न्हाव्याच्या पाटीवर वस्तरा. त्याबद्दल त्याला कधी गर्व झाला नाही. पण गावच्या डोंगरावरच्या लांडगादेवाचं चित्र नव्यानं काढायचं काम आलं आणि हा गृहस्थ हवेत तरंगू लागला.

गावात दर घराच्या दारावर देवाचा छापील कागद चिकटवलेला असतो. त्यावरचा लांडगा शेतातलं रताळं रानडुकरांपासून राखतो. जुना लाकडी ठसा झिजून त्यावरचा देवच रताळ्यासारखा दिसायला लागला होता, म्हणून नवा हवा होता. त्या डोंगरातले लांडगे पणजोबांच्या काळातच संपले. गावात कुणीही लांडगा पाहिलेला नव्हता, त्यामुळे तो कसा दिसतो याबद्दल प्रत्येकाची खात्री होती.

कुमेओसान शहरातल्या संग्रहालयात जाऊन पेंढा भरलेल्या लांडग्यासमोर दिवसभर बसून आला. मग घरच्या कुत्र्याला, मारूला, पुढ्यात घेऊन बायकोला शिकवू लागला.

"हे बघ तोकिए, मारूची शेपटी पाठीवर गुंडाळलेली. लांडग्याची खाली लोंबते. मारूच्या कपाळाखाली खाच आहे, लांडग्याचं कपाळ सरळ नाकावर उतरतं. छाती अरुंद, पाय लांब. आणि याच्यासारखं पोट तर मुळीच नाही!"

"अहो, त्याच्यादेखत कशाला? जेवला नाही तो मघापासून."

देवळाच्या समितीच्या बैठकीत चित्र मधोमध ठेवलं गेलं. मुळ्याचं लोणचं चावायचे आवाज थांबले.

"कुमेओ," अध्यक्ष नागुमोसान म्हणाले, "हा देव आहे की भटकं कुत्रं? बरगड्या मोजून घ्याव्यात अशा आहेत."

"लांडगा असाच असतो. संग्रहालयात बघून आलोय."

"मग त्यांनी पेंढा कमी भरला असेल."

"शेपटी तरी वर घे," कुणीतरी सुचवलं. "जरा उत्साह दिसू दे."

"वर घेतली की कुत्रं होतं!"

नागुमोसाननी पिशवीतून दुसरं चित्र काढलं. त्यांच्या पुतण्यानं कॉम्प्युटरवर काढलेलं. टपोऱ्या डोळ्यांचा, गुबगुबीत, हसरा लांडगा. सगळ्यांचे चेहरे उजळले. शेवटी फार ताणाताणीनंतर ठरलं, की या हंगामात कुमेओचा लांडगा दारांवर लागेल. डुकरांनी शेतं उकरली, तर पुढच्या वर्षी पुतण्याचा.

कुमेओसानची झोप उडाली. आयुष्यभरात एकच चित्र खरं निघालं होतं, आणि त्याची परीक्षा डुकरं घेणार होती!

कागद दारोदार लागले आणि बायका हळहळल्या. पूर्वी लांडगीण व्याली की गावातून डोंगरावर लाल चवळीचा भात पाठवायचे. सासूकडून ऐकलेली ती रीत सगळ्यांना एकदम आठवली.

"उपाशीपोटी राखण करायला लावतोय आपण देवाला," तोकिए म्हणाली आणि पहिला डबा तिनंच भरला. मग चढाओढ लागली. डोंगरावरच्या देवळामागच्या खडकावर संध्याकाळी भात ठेवायचा, सकाळी डबे चाटूनपुसून स्वच्छ. देव आला, अशी गावभर बोलवा झाली.

कुमेओसानला राहवेना. एका सकाळी तो पायाचे ठसे काढून घ्यायला कागद-पेन्सिल घेऊन वर गेला. ओल्या मातीत ठसेच ठसे होते. मधोमध दुभंगलेल्या खुरांचे. मोठे, मधले, अगदी चिमुकले. डुकरांचं सगळं कुटुंब पंगतीला येत होतं. त्यानं कागद-पेन्सिल खिशात घातली. खाली शेतात मात्र एक रताळंही उकरलेलं नव्हतं.

हंगाम सरला. नागुमोसाननी पुतण्याचं चित्र गुंडाळून पिशवीत घातलं. "दिसायला भयंकर आहे रे तुझा लांडगा," ते म्हणाले, "पण कामाला वाघ आहे. हाच राहू दे."

कुमेओसाननं तोंड उघडलं, आणि लोणच्याचा मोठा तुकडा त्यात घालून मिटलं.

घरी तोकिए चवळी भिजत घालत होती. "अहो, वर गेला होतात त्या दिवशी. पावलं दिसली का?"

"दिसली."

"देवाचीच ना?"

"राखण त्यांच्यामुळेच होतेय, एवढं नक्की."

ती समाधानानं हसली. "मग पुढच्या ठशात थोडं अंग भरा की त्याचं. एवढा खातोय."

"खबरदार!" कुमेओसान ताडकन उठला. "एक बरगडी कमी होणार नाही. आणि उद्यापासून डबा जरा मोठा ने."