लाल टोप्या

धानाच्या रोवणीच्या दिवसांत आईच्या मांडीला गळू झालं. चिचगडच्या डॉक्टरने कॅप्सूल दिल्या. त्या गिळायच्या कशासाठी, एवढं सांगायला त्याची काय जीभ झिजत होती, असा राग मला अजूनही येतो. आई प्रत्येक कॅप्सूल उघडायची आणि आतली भुकटी गळवावर भुरभुरायची. बाबांनी हटकलं तर म्हणाली, "दुखून राहिलं मांडीवर, मंग औषध पोटात कायले टाकू?" आम्हा सगळ्यांना ते पटलं. कॅप्सूलच्या रिकाम्या लाल टोप्या धाकट्या बहिणीने भातुकलीच्या पाटावर पेले म्हणून मांडल्या.

मग आईला हुडहुडी भरून ताप चढला, मांडी दगडासारखी टणक झाली. गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या घेतल्या होत्या?"

बाबा म्हणाले, "हो बाई, सगळ्या संपल्या."

गळवाचं विष रक्तात भिनलं होतं. आई तिथेच गेली.

तिला घेऊन घरी आलो तेव्हा बहीण पाटाशी बसली होती. आईला तहान लागली असेल म्हणून तिने त्या पेल्यांत पाणी भरून ठेवलं होतं. पेले केव्हाच विरघळले होते. पाटावर नुसती लाल, चिकट ओल उरली होती.