साहेबाच्या खानसाम्याला हार

आधीच सांगतो, माझी शाळा आठवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या, शब्दही साधेच आहेत. पण मी माती कशी खाल्ली, ते ऐकाच!

आर्णीत माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे. मी इतका लाजरा, की गिऱ्हाइकाशी बोलताना काउंटरकडे बघतो. एक दिवस वामनकाका जुना फोटो घेऊन आले. इंग्रजांच्या काळातला, कोण्या साहेबानं काढलेला बाजाराचा रस्ता. कापसाच्या गाड्या, पालं आणि मधोमध ताठ उभा एक फेटेवाला.

"यात आमचे पणजोबा हायेत म्हंतेत," काका म्हणाले. "त्यायचा दुसरा फोटोच नाही. पन कोन्ते, ते घरात कोनालेच ठाऊक नाही. तुले काही समजते का?"

आता मला कधी कोणी काही विचारतं का? मोबाइलवर जुन्या फोटोंचे दोन व्हिडिओ पाहिले होते. छाती फुगली!

"काका, तवाचा कॅमेरा लय हळू. जो हलला तो पुसट, जो थांबला तोच उमटला. मंग एवढा गच्च कोन थांबन? ज्याच्यासाठी फोटो काढून राह्यले तोच!"

"मंजे हा फेटेवाला?"

"शंभर टक्के! नाक पाहा ना तुमचं!"

काकांनी स्वतःच्या नाकाला हात लावला. डोळ्यांत पाणी! मग काय, मी संगणकावर फोटो मोठा केला, साफ केला. बाजूला ओल लागल्यासारखे दोन पांढुरके डाग होते, तेही पुसले.

काकांच्या नव्या घराच्या वास्तुपूजेला मला आग्रहाचं बोलावणं. भिंतीवर फ्रेम, फ्रेमला हार, हळदकुंकू. सुना पाया पडल्या. काका फ्रेमशेजारी तसेच ताठ उभे राहून पाहुण्यांना नाक दाखवत होते.

तेवढ्यात मारेगावहून काकांची नव्वदीची आत्या आली. चष्मा पुसून फोटोजवळ गेली.

"काहून रे वामन्या, या खानसाम्याले हार कायले घातला?"

"कोन्ता खानसामा?"

"सायबाचा! सायबानंच याले मधात उभा केलता. माह्या आजालेही म्हने, हलू नोको. तेवढ्यात बैल सुटला, अन् आजा धावला त्याच्या मांगं. म्हून धुरावानी आला. त्यानंच मले दाखवलतं, हा पांढरा धूर मंजे मी!" आत्या फोटोत शोधू लागली. "धूर कुठी गेला?"

सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. बुंदीचा लाडू हातातच!

"आत्याबाई... मी पुसला."

"माहा आजा पुसला?"

"डाग वाटला जी."

लोक हसले. आत्या हसली नाही. "तेवढाच उरला होता, बापू, तो," ती हळूच म्हणाली.

लाडू खाली ठेवला. नशीब, मूळ फोटो दुकानात शाबूत होता. "सकाळी आनतो," म्हणून फ्रेम काढून घेऊन पळालो.

दुसऱ्या दिवशी तासभर आधी दुकान उघडलं. मूळ फोटोवरून माणसाएवढा डाग जागच्या जागी परत आणला, नवी काच बसवली आणि फ्रेम घेऊन काकांचं घर गाठलं. आत्यानं त्या धुरावर बोट फिरवलं.

"हाच तो! केवढी घाई या मानसाले!"

ती हसली, काकाही हसले. माझा जीव भांड्यात पडला.

मग आत्यानं चष्मा वर सरकवला. "पन बापू, याच्या पुढचा बैल कुठी हाय?"

दुसरा डाग! मी फ्रेम उचलली आणि पुन्हा दुकानाकडे निघालो.