जुन्या टोप्यांचा आकडा

हे मी घरीसुद्धा कधी बोलले नाही. आता थकले — म्हणून तुम्हाला सांगते, नाहीतर हेही राहून गेलं असतं.

अमरावतीच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवायचे. आमच्या प्रयोगशाळेत काम चालायचं ते गॅस हायड्रेटवर — म्हणजे वायू आणि पाणी एकत्र थिजून होणारा, समुद्रतळाखालच्या खडकांत सापडणारा बर्फासारखा पदार्थ. अमरावतीत समुद्र कुठला? आम्ही तो वालुकाश्माच्या तुकड्यात, थंडाव्यात बनवायचो आणि तुकड्यातून ध्वनीची लहर सोडायचो. हायड्रेट धरलं की खडक घट्ट होतो, लहर लवकर पोचते. एवढं साधं.

वंदना माझी संशोधक विद्यार्थिनी. बार्शीटाकळीची, घरचा भाजीचा मळा. गावाहून परतताना माझ्यासाठी वांगी आणायची. तिची लहर मात्र नेहमी उशिरा यायची.

"मॅडम, तीनदा पाह्यलं. लहर हळूच येऊन राहिली. काय चुकून राहिलं, मले समजत नाई."

मी म्हणाले, तुझा हात चुकतो, हायड्रेट धरतच नाही. तिनं पुन्हा केलं. मग पुन्हा. खोलीतल्या कूलरची थरथर लहरीत मिसळते, म्हणून तो बंद ठेवून — आख्खा उन्हाळा.

खडकाच्या दोन्ही टोकांना धातूच्या टोप्यांचे सेन्सर असतात. मधे खडक न ठेवता टोप्या एकमेकींना भिडवायच्या, लहरीला लागणारा वेळ मोजायचा आणि तो पुढे वजा करायचा. हे काम माझं. दिवाळीच्या सुटीत मी नव्या, जाड टोप्या बसवल्या होत्या. वेळ पुन्हा मोजला होता का? नाही. वहीत जुनाच आकडा राहिला — माझ्या अक्षरात. वंदना तोच वजा करत होती.

कळलं कधी? तिनं काम सोडायचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला, त्याच दुपारी. मी सहज टोप्या भिडवून पाहिल्या. नवा आकडा धरून तिची मोजमापं मांडली. सगळी बरोबर.

ती समोरच्या हॉस्टेलात सामान बांधत होती. रस्ता ओलांडायला कितीसा वेळ लागतो? मी वही मिटली आणि चहा मागवला. मला विभागप्रमुख व्हायचं होतं — दुसरं काय. पुढे तीच मोजमापं मी माझ्या एकटीच्या नावानं छापली.

गेल्या महिन्यात अकोल्याला, जठारपेठेत ती भेटली. शिकवण्या घेते. भर रस्त्यात वाकून पाया पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोबतच्या आपल्या मुलीला म्हणाली, "ह्याच माह्या मॅडम. लय जीव लावला यायनं. माहाच हात चुके, त्या तरी काय करतीन?"

मुलगी आठवीत आहे. विज्ञान आवडतं म्हणाली, पण प्रयोगाची भीती वाटते — आई म्हणते, आपल्या घरात तो हात नाही.

मी "बरं" म्हणाले आणि रिक्षात बसले.