वैष्णवीला कावीळ नव्हती

“तुमच्याच हातानं काढलंय ना मॅडम? मंग तुमच्याच हातानं पुसा.”

असं म्हणून त्यांनी डस्टर टेबलावरून माझ्याकडे ढकललं. हातात दिलं नाही. ढकललं.

फळ्यावर मी गर्भाशयाची आकृती काढली होती. विज्ञानाच्या पुस्तकात असते तीच. बाजूला ठळक अक्षरात नावं. समोर पालक बसले होते. पुढे खुर्च्यांवर वडील, मागे सतरंजीवर आया. मुलींना आत घेतलं नव्हतं. त्या खिडक्यांबाहेर गज धरून उभ्या होत्या.

ईरा, निहार, क्रमाने सांगते. तुम्हाला तुमच्या शाळेत हा विषय भूगोलासारखा शिकवला गेला. त्यामुळे डस्टर ढकलण्यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. वाचा.

कुंभार पिंपळगावपासून आत एक गाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही. मुलीचं लिहिणार आहे, कारण तिच्या आईने ‘लिहा’ म्हणून सांगितलं. तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका माझ्या जुन्या विद्यार्थिनी. मी जन्मभर जालन्यात विज्ञान शिकवलं, म्हणून त्यांनी मला पालक सभेला बोलावलं. “बाई, वयात येणाऱ्या मुलामुलींबद्दल बोला,” त्या म्हणाल्या. “आमचे सर तो धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देतात. अन् घरी कोण वाचतंय?”

डस्टर ढकलणारे गृहस्थ त्या संस्थेचे अध्यक्ष. गाव त्यांना आबासाहेब म्हणतं. शाळेची जागा त्यांची, शिक्षकांच्या नेमणुका त्यांच्या हातात, बागायती जमीन बहुतेक त्यांच्या भावकीची. ते खोकले तरी सर लोक उभे राहतात.

मी बोलत होते ते साधं होतं. मुलाचा आवाज का फुटतो, त्याला रात्री स्वप्न पडलं तर तो बिघडलेला नसतो. मुलीला पाळी का येते, ती साधारण किती दिवस असते. मागे आयांमध्ये पदर तोंडाला गेले, पण माना माझ्याकडे होत्या. ऐकत होत्या त्या.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. बारीक, घाईत विचारलेला.

“बाई, थांबतच नसंल तर?”

मी वळले. गजावर एक हात दिसला. चेहरा दुसऱ्या मुलींच्या आड होता. मी म्हणाले, “चांगला प्रश्न आहे. थांबत नसेल तर—”

आणि आबासाहेब उठले.

“बस झालं. ए, त्या पोरींना हाकल आधी.”

शिपाई धावला. खिडक्या रिकाम्या झाल्या. मग ते माझ्याकडे न बघता खुर्च्यांकडे तोंड करून बोलले. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते. आजीबद्दलचे असले शब्द नातवंडांना लिहावेत का, याचा विचार केला. लिहावेत.

“नवरा जाऊन इतकी वर्षं झाली, अन् बाईच्या डोक्यातून हे जाईना.”

हशा. खुर्च्यांवरून मोठा. कडेला उभे असलेले शिक्षक हसले, विज्ञानाचे सर सगळ्यांत आधी. सतरंजीवरूनही कुणीतरी हसलं. ते मला जास्त लागलं.

“ह्यांचे नातवंडं हायेत अमेरिकेत. तिकडं चालतं हे. हितं आपल्या लेकीबाळी हायेत.”

असं तुमचंही नाव त्या सभेत निघालं.

मग डस्टर.

मी पुसलं. अण्णा, म्हणजे तुमचे आजोबा, गेल्यापासून हळदी-कुंकवाच्या ताटापासून लांब बसायची मला सवय होती. पण मी शिक्षिका होते, आणि फळ्यासमोर मला तोवर कुणी विधवा म्हणून उभं केलं नव्हतं. आकृती पुसताना खडूची पांढरी भुकटी माझ्या साडीवर पडत होती आणि मागे चहाचे कप वाजायला लागले होते. सभा संपली होती.

बाहेर आले तेव्हा मैदानात एकही मुलगी नव्हती. मुख्याध्यापिकांना म्हटलं, “तो प्रश्न कुणी विचारला ते शोधा. ती मुलगी आजारी आहे.” त्या रडवेल्या झाल्या होत्या. “बाई, आता विषय नका वाढवू. माझी नोकरी आहे.” मी नंतर दोनदा फोन केला. “विचारलं बाई, कुणीच कबूल होत नाही.”

कोण कबूल होईल? त्या खिडकीत आपण होतो, हे तरी कोण कबूल करील?

घरी मी नेहमीसारखी होते. चहा गाळायचा, तुळशीला पाणी घालायचं, रविवारी तुमच्याशी बोलायचं. ईरा, एकदा तू मला सहलीचे फोटो दाखवत होतीस आणि म्हणालीस, “आजी, तुझं लक्ष नाहीये.” नव्हतंच. चहा गाळताना, भाजी निवडताना, बसमध्ये शेजारी शाळेची मुलगी बसली की, मला तेच ऐकू यायचं. थांबतच नसंल तर? मी अर्धवट उत्तर मनात पुरं करायची. थांबत नसेल तर आईला सांग. थांबत नसेल तर दवाखान्यात जा. थांबत नसेल तर लपवू नकोस. रिकाम्या स्वयंपाकघरात मी कितीदा तरी हे मोठ्याने बोलले आहे.

दिवाळीनंतर मुख्याध्यापिकांचा फोन आला. “बाई, आमची एक मुलगी जालन्याला सरकारी दवाखान्यात आणली. तुम्ही जवळ आहात. बघता का?”

वैष्णवी. नववीतली. खाटेवर चादरीत जवळपास दिसतच नव्हती. ओठ पांढरे, नखं पांढरी. रक्ताची बाटली लावली होती. तरुण डॉक्टरीण मला बाजूला घेऊन म्हणाली, “कित्येक महिने अंगावरून जात होतं तिच्या. एवढ्या रक्तावर ही मुलगी शाळेत चालत कशी जात होती, मला कळत नाही. हृदयावर ताण आलाय. फार उशिरा आणलं.”

मी खाटेपाशी वाकले. तिने डोळे उघडले. मला ओळखलं.

“बाई, म्याच विचारलं व्हतं.”

“माहीत आहे बाळा.”

“आईला सांगू नका. लगीन लावतील.”

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. त्या भागात मुलीला पहिली पाळी आली की न्हाण आलं म्हणतात. हिरवी साडी नेसवतात, ओटी भरतात, पाहुण्यारावळ्यांत सांगावा जातो. पाहुणे जेवायला येतात आणि जाताना स्थळ सुचवून जातात. वैष्णवीची थोरली बहीण अशीच गेली. ओटी भरली आणि पुढच्या लग्नसराईत ती सासरी. दप्तर खुंटीला तसंच लटकलेलं. वैष्णवीने ते बघितलं होतं, हे तिनेच मला त्या दिवशी तुटक तुटक सांगितलं. म्हणून तिने ठरवलं, आपल्याला पाळी आली हे घरात कळू द्यायचं नाही. कापूस वेचायला आई दिस उगवायच्या आधी रानात जायची. ही धुणं घेऊन एकटी पाटावर जायची. कापडाच्या घड्या कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगात वाळवायची. रक्त थांबेना तेव्हाही तिने लपवलं. शाळेत राहण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

तिची आई, मीराबाई, व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. माझ्या मुलीच्या वयाची असती, मला मुलगी असती तर. रडत नव्हती. मला म्हणाली, “मला एकदा सांगायचं व्हतं हो बाई तिनं. मी रातोरात आणलं असतं.”

मी विचारलं, “आणि लग्न?”

तिने मान वर केली.

“ते बी लावलं असतं,” ती म्हणाली. “खोटं कशाला बोलू.”

इतकं खरं मी फार कमी वेळा ऐकलं आहे.

गावात मात्र दुसरंच बोललं जाऊ लागलं. नववीतली पोर, रक्तस्राव, तालुक्यातून जालन्याला हलवलेली. एवढ्यावर लोकांनी गोष्ट रचली. पोट राह्यलं व्हतं. पाडायला गेले. कुणाचं व्हतं म्हणे? पाण्याच्या टाकीवर, गिरणीत, पारावर. मीराबाईने मला फोन केला. आवाज कोरडा होता. “बाई, पोरगी गेली तं गेली. आता तिला उष्टी करून राह्यलेत. शाळेत शोकसभा ठेवली. तुम्ही या, अन् सांगा तिला काय झाल्तं ते.”

“सगळं सांगू? लपवलेलं? लग्नाच्या भीतीचं?”

“सगळं.”

मी गेले. तोच हॉल. वैष्णवीचा फोटो, शाळेच्या ओळखपत्रावरचा, मोठा केलेला. आबासाहेब स्वतः दारात आले. या वेळी आवाजात साखर होती.

“या मॅडम. झालं गेलं सोडा. तुम्ही मोठ्या आहात, दोन शब्द बोला. कावीळ झाल्ती म्हणा. तुमच्यासारखी शिकलेली बाई बोलली की लोकांचं तोंड बंद. पोरीची अब्रू झाकली जाईल.”

“तिला कावीळ नव्हती.”

“मला बी माहीतंय. पण ते शब्द ह्या हॉलमधी नको. तुम्हाला मागच्या बारीला समजलं आसंल.”

समजलं होतं. मागच्या वेळी मला लाज वाटली होती. मी माईकपाशी जाईपर्यंत ती लाज शोधत होते. सापडली नाही. तिच्या जागी ती मुलगी उभी होती, पांढऱ्या नखांची, आणि ती हलायला तयार नव्हती.

मी म्हणाले, “वैष्णवीला कावीळ नव्हती. तिचं पोटही राहिलं नव्हतं. तिला पाळी आली होती आणि तिचं रक्त थांबत नव्हतं. वेळेवर औषध मिळालं असतं तर ते बहुतेक थांबलं असतं. तिने ते आपल्यापासून लपवलं, कारण कळलं की आपण तिचं लग्न लावतो. याच हॉलच्या खिडकीतून तिने मला उपाय विचारला होता. तिला हाकलून दिलं.”

कुणीतरी माईकची वायर ओढली. मला वर्गात कधी माईक लागला नव्हता. मी बोलत राहिले. किती दिवस पाळी राहिली तर दवाखाना गाठायचा, चक्कर आली, नखं पांढरी पडली तर काय समजायचं, मुलीला काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही. “पाळी म्हणजे लग्नाचं वय नाही,” मी म्हणाले. “वडिलांनीही ऐका. तुमच्यासाठी वेगळी सभा होणार नाही.”

“म्हातारीला आवरा रे कुणीतरी!” पुढून आवाज आला. खुर्च्या सरकल्या. बरेच लोक उठून गेले. विज्ञानाचे सर फोनमध्ये डोकं घालून उभे होते.

तेव्हा मीराबाई सतरंजीवरून उठली. डोक्यावरचा पदर तिने सावरला नाही.

“माझ्या पोरीनं काहीच केलं न्हाई,” ती म्हणाली. “आम्हाला भिऊन मेली ती. आम्हाला. माझ्या नवऱ्याला, मला, तुमाला. आता बोला कुणाला काय बोलायचं ते. तोंडावर बोला.”

पुढच्या खुर्च्यांवर उरलेलेही उठून दाराकडे निघाले.

बाहेर पडताना आबासाहेब म्हणाले, “ह्या गेटाच्या आत परत दिसू नका.”

“नाही दिसणार,” मी म्हणाले. “गावात दिसेन.”

यातून काही बदललं, असं लिहून मी तुम्हाला खूश करणार नाही. त्या शाळेत तो धडा अजून ‘घरी वाचा’मध्येच आहे. मुख्याध्यापिका माझा फोन उचलत नाहीत. मीराबाईचा नवरा तिच्याशी बोलत नाही. कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात बांगड्यांची रांग असते, तिथे मी आता दर आठवड्याला जाऊन बसते. बांगड्या भरणाऱ्या एक आपा आहेत, त्या म्हणाल्या, “बैठो बाई, बायका माझ्याकडं हात देऊन बसत्यातच. तोवर तुम्ही बोला.” मी बोलते. बायका हसतात. “म्हातारीला घरी काम न्हाई वाट्टं.” एखादी उठून जाते. एखादी बांगड्या भरून झाल्यावरही हात मागे घेत नाही, आणि मग हळूच विचारते. मी लगेच उत्तर देते. पुरं उत्तर. पण घरी येताना बसमध्ये मला जे ऐकू येतं ते अजून तसंच येतं. ते थांबणार नाही. थांबावं अशी माझी इच्छाही नाही.

तुमचे बाबा म्हणतात, “आई, बास कर आता, इकडे ये. लोक तुला काय काय बोलतात.” बोलू देत. मी येणार नाही. त्याचं कारण खाली लिहिते, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

मीराबाईला एक धाकटी मुलगी आहे. सातवीत. तिला अजून पाळी आलेली नाही. तरी गेल्या महिन्यात दोन पाहुणे येऊन, पाणी पिऊन, मुलीकडे बघून गेले. वडिलांनी त्यांना ‘न्हाई’ म्हटलेलं नाही. ‘सांगावा धाडतो’ म्हटलं आहे.

तिला पाळी येईल तेव्हा ती आईला सांगेल. तेवढं आम्ही तिघींनी ठरवलं आहे. हिरवी साडी आणायची नाही, ओटी भरायची नाही, सांगावा जाणार नाही. आणि ते पाहुणे परत आलेच, तर मीराबाईच्या ओट्यावर मी आधीच बसलेली असेन. पोलिसांत बालविवाहाची तक्रार कुणी करायची, हा प्रश्नच उरणार नाही. पहिली सही माझी असेल, दुसरी तिच्या आईची. तिच्या बापासमोर, आबासाहेबांसमोर, गावासमोर. मला तिथून उठवायचं असेल तर हात धरून उठवावं लागेल.

बघू कोण उठवतं.