वाऱ्यासमोर

ग्रीसचा वास आला की आटपाडीजवळच्या पठारावरची ती पवनचक्की आठवते. वाऱ्याची दिशा दाखवणारा तिचा काटा वाकडा बसला होता, त्यामुळे पाती वाऱ्याला तिरकी राहायची आणि वीज कमी निघायची. फौजेतून आलेले आमचे वरिष्ठ आणि मी वर चढलो. निवृत्तीआधीची त्यांची ती शेवटची चढाई. पाना हातात घेताच त्यांचे हात कापू लागले. "तूच लाव पोरी. मी तुझा कमरेचा पट्टा धरतो, सोडत न्हाई." मी घाबरतच काटा सरळ करून बोल्ट आवळले. खाली येऊन चक्की चालू केली, तसं तिचं अवजड डोकं हळूहळू वाऱ्यासमोर वळलं. "आवं काका, वळली!" मी ओरडले. ते बराच वेळ वर बघत राहिले. "आता बिनघोर घरी जातो," म्हणाले. तेव्हा मला ते नुसतं कौतुक वाटलं. आज शिडीवर माझे गुडघे दुखतात, तेव्हा कळतं, ते वाक्य त्यांना किती जड गेलं असेल.